साहेबांच्या सहीची हद्द

"पोवारबाई, माझा हात इथपर्यंत पोचतो," असं म्हणून मेढेकर साहेबांनी टेबलावर खरोखरच हात लांब केला आणि काचेखालच्या कॅलेंडरवर बोट टेकवलं. "पंचवीस लाख. तेवढ्या कर्जाला मी या खुर्चीत बसून मंजुरी देऊ शकतो. तुमची पाणी योजना सत्तावीसच्या वर गेलीय. ती मुंबईला जाणार."

"मग जाऊ द्या की मुंबईला," मी म्हणाले.

शेजारी बसलेल्या दौलूतात्यांनी घसा खाकरला. ते आमचे उपसरपंच. मला सरपंच होऊन आठ महिने झाले होते, आणि तेवढ्यात ते शंभर वेळा तरी असे खाकरले असतील. त्याचा अर्थ एकच असायचा, बाई, आता गप्प बसा.

"जाईल ना," मेढेकर म्हणाले. "मुंबईची समिती बसते जूनमध्ये. यंदाचं कर्ज वाटप संपतं मार्चअखेर. म्हणजे तुमची फाइल पुढच्या वर्षीच्या रांगेत, शेवटून पहिली. गेल्या साली मी अशा तीन फायली पाठवल्या. अजून एकीचंही उत्तर नाही."

ते काही वाईट माणूस नव्हते. चहा त्यांनी स्वतःच्या पैशानं मागवला होता आणि माझ्या बशीत सांडलेला पाहून रुमालही पुढं केला होता. पण हात पोचत नव्हता तर नव्हता.

"दुसरा काही मार्ग, साहेब?" आमच्या भाऊसाहेबांनी विचारलं. आमचे ग्रामसेवक तानवडे. ग्रामसेवकाला सगळीकडे भाऊसाहेबच म्हणतात, पण हे भाऊसाहेब सव्वीस वर्षांचे होते आणि साहेबांपुढं बसले की सोळाचे वाटत.

"आहे. माचीवाडीची लाइन वगळा. विहीर, टाकी, खालचं गाव, सगळं चोवीस लाखांच्या आत बसतं. इथंच सुधारित ठराव लिहा, मी इथंच सही करतो."

दौलूतात्यांनी खिशातलं पेन काढून टोपणही उघडलं. "लिवा भाऊसाहेब. बाई सही करत्यात."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरपंचाची सही लागते, हे त्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणाच्या लक्षात आलं होतं. माझ्यासकट.

"मला शुक्रवारपर्यंत मुदत द्या," मी म्हणाले.

मेढेकरांनी डायरी बघितली. "शुक्रवारी दुपारी तीनला आमच्या समितीची या वर्षाची शेवटची बैठक. तीन म्हणजे तीन. तोवर पंचवीसाच्या आतला कागद घेऊन या, नाहीतर मुंबई."

तो सोमवार होता.

परतीच्या एसटीत तात्या माझ्या पुढच्या बाकावर आडवे वळून बसले, म्हणजे गावापर्यंत मला ऐकावंच लागेल.

"अठरा घरांपायी दोनशे घरं तहानेली ठेवणार तुम्ही?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमचं करंजखोल डोंगराच्या पायथ्याला. फेब्रुवारी सरला की गावातले आड तळाला जात, आणि ओढ्याकाठची एक मोठी विहीर सगळ्यांना पुरवायची. ही योजना गावानं दहा वर्षं मागितली होती. आणि माचीवाडी म्हणजे आमच्या डोक्यावरचा डोंगराचा सपाट तुकडा. तिथला झरा जानेवारीतच आटायचा. मग माचीच्या बाया डोंगर उतरून आमच्या विहिरीवर यायच्या आणि दोन-दोन हंडे घेऊन वर चढायच्या. मधे कुठं टेकायचं ते ठरलेलं होतं. वाटेत दोन ठिकाणी मोठे सपाट दगड होते, त्यांना विसावा म्हणायचे.

"पुढच्या खेपेला घालू की माचीला," तात्या म्हणाले. "माची काय पळून जात न्हाई."

"पुढची खेप कधी?" मी विचारलं.

उत्तर भाऊसाहेबांनी दिलं, खिडकीकडं तोंड करून. "हे कर्ज फिटल्याशिवाय ग्रामपंचायतीला दुसरं मिळत नाही. पंधरा वर्षं."

पंधरा वर्षं. माचीत तेव्हा लग्नाची अकरा पोरं होती. पोरं म्हणायचं ते सवयीनं, त्यातली चार चाळिशीला टेकली होती. कुणी मुलगीच देत नव्हतं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, उतरताना विसाव्यावर हंडा टेकून उभी असलेली एखादी बाई बघायचे आणि खालून निरोप धाडायचे. आणखी पंधरा वर्षांनी माचीत नळ न्यायला माणसंच उरली नसती.

"तुमचं म्हायेर न्हाई, पाव्हणं न्हाईत," तात्या म्हणाले. "माचीनं तुम्हाला मतं तरी दिली व्हय?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. माचीनं तात्यांच्या भावजयीला मतं दिली होती.

तात्यांनी पुढच्या थांब्यापर्यंत फक्त मान हलवली.

संध्याकाळी पंचायतीच्या खोलीत मी भाऊसाहेबांना घेऊन बसले. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन मी वाण्याच्या पुड्यांवर, पोरांच्या पुस्तकांवर आणि सरपंच झाल्यावर शासनाच्या परिपत्रकांवर केलं. त्यातल्या त्यात पुड्या सोप्या. त्या दिवशी मी योजनेच्या अंदाजपत्रकाचा गठ्ठा पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचायला घेतला. भाऊसाहेबांना घरी जायची घाई होती, नवं लग्न झालं होतं.

"बाई, हे इंजिनियर लोकांचं असतं. आपण फक्त शेवटची बेरीज बघायची."

"शेवटच्या बेरजेनंच तर घोटाळा झालाय. हे काय लिहिलंय? माचीवाडी ऊर्ध्ववाहिनी."

"वर जाणारा पाइप."

"आणि हा आकडा?"

"तीन हजार चारशे वीस मीटर. म्हणजे साडेतीन किलोमीटरला थोडं कमी."

मी बोट तिथंच ठेवलं. "इथनं बाजाराची कमान किती लांब?"

"तेवढीच असेल. साडेतीन."

"बाजाराला चालत जायला मला पाऊण तास लागतो. बायनाक्का माचीवरनं विहिरीला येते, तेव्हा वर तोंडात टाकलेली तंबाखू खाली येऊन थुंकते. पाऊण तास तंबाखू तोंडात धरणारं माणूस तुम्ही बघितलंय?"

भाऊसाहेबांनी गठ्ठा स्वतःकडं ओढला. नकाशा उघडला. टाकीपासून निघालेली निळी रेघ खाणीकडं गेली होती, तिथून वळून खिंडीला, आणि पाच वळणं घेत डोंगराच्या मागच्या अंगानं माचीवर.

"हा तर जीपचा रस्ता," ते म्हणाले.

"आणि बायकांची वाट?"

त्यांनी नकाशा फिरवून बघितला, उलटा करून बघितला. बायकांची वाट त्यात कुठंच नव्हती. तीन पिढ्या त्या वाटेनं पाणी वर जात होतं, पण सरकारी कागदावर ती उगवलीच नव्हती. भाऊसाहेब त्या संध्याकाळी घरी जायचं विसरले, एवढं मला आठवतं. त्यांची बायको शेवटी चौकशीला आली.

मंगळवारी सकाळी मी माचीवर गेले. बायनाक्का शेणानं अंगण सारवत होती. साठीची, अंगानं काडी, पण आवाज असा की माचीवर हाक मारली तर आमच्या चावडीतली कुत्री उठत. तिचा मुलगा सदाशिव मागच्या परड्यात मधाच्या पेट्या झाडत होता. मला बघून त्यानं नुसती मान लववली आणि पेट्यांच्या पलीकडं गेला.

मी सगळं सांगितलं. बायनाक्कानं हात धुतले.

"म्हंजे त्यो बिडकर," ती म्हणाली. "आखाडात आलता मोजायला. जीपमधनं खाली पाय टाकला न्हाई बघ. काच खाली करून मला इचारतोय, आजी, माची हीच का? मी म्हटलं, न्हाई, ही मुंबई."

"का नाही उतरला?"

"अगं, जळवा! ह्या वाटंला आखाडात पाय ठेवशील तिथं जळू. आम्ही मीठ-तंबाखू चोळून येतो. त्याच्या डायवरच्या पायाला दोन लागल्या, त्यो नाचाय लागला, आनि सायबानं तितनंच जीप फिरवली."

तर आमची फाइल जळवांनी अडवली होती.

आम्ही दोघी अकराच्या एसटीनं तालुक्याला गेलो. बिडकर हे पाणी योजनेचे इंजिनियर. गोलमटोल, घामट, टेबलावर पंख्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कागदांवर दगड ठेवलेले.

"पुन्हा मोजणी?" ते जवळजवळ ओरडले. "मार्चअखेर आहे बाई! माझ्याकडं अकरा गावं आहेत. आणि एकदा झालेली मोजणी बदलत नसते. तेव्हा पाऊस होता, तरी आम्ही केली."

"पाऊस कुठला?" बायनाक्का म्हणाली. "उघडीप हुती. जळवा हुत्या."

पलीकडच्या टेबलावरचा कारकून खाली वाकला. त्याचं काहीतरी पडलं नव्हतं.

बिडकरांचे कान लाल झाले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस हट्टाला पेटणार. मग मीच खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली घेतला.

"साहेब, कुणी काही चुकलं असं कुठं लिहायचंच नाही. तुम्हाला नवी जवळची वाट सापडली. शासनाचा खर्च वाचवलात. असं लिहिलं तर काय बिघडेल?"

त्यांनी कपाळ पुसलं. बराच वेळ पुसलं. "आता... जळवा नसतात ना?"

"आता न्हाईत सायेब," बायनाक्का म्हणाली. "आता नुसत्या बाया हाईत."

बुधवारी सकाळी बिडकर आले ते गुडघ्यापर्यंत बूट घालून. माचीच्या सगळ्या बाया वाटेवर जमल्या होत्या. शाळेच्या स्नेहसंमेलनालाही एवढी गर्दी नसते. तीस मीटरची फीत होती. एक टोक बिडकरांच्या शिपायानं धरायचं, दुसरं मी. आणि मोजदाद विसरू नये म्हणून प्रत्येक फितीला बायनाक्का एक खडा पदरात टाकणार.

"खडे कशाला आजी?" बिडकर म्हणाले. "मी लिहितोय ना वहीत."

"लिवा की. मीबी टाकते."

टाकीच्या जागेपासून सुरुवात झाली. पहिल्या विसाव्यापर्यंत बिडकर साहेबांसारखे चालले. त्यानंतर माणसासारखे. वाट उभी होती, करवंदीच्या जाळ्या दोन्ही अंगांना, आणि मागून बायांची टकळी चालू.

"सायेब, हंडा देऊ का एक डोक्यावर? म्हंजे तोल जात न्हाई."

"अगं गप, त्येंचं पोट हाय की तोलाला."

"सायेब, हितं आमची शेवंती बाळंत झालती. लिवा नकाशात."

हे शेवटचं चेष्टेत म्हटलेलं नव्हतं. शेवंती तिथंच उभी होती, तिच्या कडेवर ते पोर. बिडकरांनी त्या पोराकडं बघितलं, दगडाकडं बघितलं, आणि पुढची फीत लावायला सांगितली. त्यानंतर ते दम खायला थांबले नाहीत.

माचीच्या पहिल्या घराशी पोचलो तेव्हा त्यांचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. वही उघडून म्हणाले, "एकतीस... की बत्तीस? मधे एक पान उलटलं वाटतं."

बायनाक्कानं पदर जमिनीवर पसरला. बायांनी गलका करत खडे मोजले. चौतीस. आणि शेवटची तुटकी फीत वीस मीटरची. बिडकरांना खात्री वाटेना, म्हणून खाली उतरून पुन्हा वरपर्यंत मोजत आलो. चौतीस आणि वीस.

"एक हजार चाळीस मीटर," बिडकर दगडावर बसून म्हणाले. आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली. बाया त्यांच्या वहीत डोकावत उभ्या. "चोवीस लाख सत्तर हजाराच्या आसपास. बसतंय बाई. साहेबांच्या सहीत बसतंय!"

कशात काय बसतंय हे निम्म्या बायांना ठाऊक नव्हतं, पण असा आरडाओरडा केला की खालच्या काजूच्या बागेतून दौलूतात्या काठी घेऊन वर आले.

"काय चाललंय माझ्या रानात?"

आणि तेव्हा बिडकरांचा चेहरा पडला. "हे रान यांचं?"

दोन विसाव्यांच्या मधला सगळा उतार तात्यांचा होता. वाट त्यांच्या बांधावरून जायची. तीस वर्षं ते त्या वाटेवरून जाणाऱ्या बायांना शिव्या देत होते, काजू चोरतात म्हणून, बांध ढासळतो म्हणून, आणि सवय झाली म्हणूनही.

"मग जमीनमालकाचं लेखी संमतीपत्र लागेल," बिडकर माझ्या कानाशी म्हणाले. "त्याशिवाय माझा कागद पुढं सरकत नाही."

तात्यांना माची नकोच होती. त्यांनी आता नुसतं नाही म्हणायचं होतं.

"न्हाई," तात्या म्हणाले.

बायनाक्का तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिचा हात दाबला. तिनं तोंड उघडलं असतं तर तात्यांची सात पिढ्यांची संमती गेली असती.

"तात्या, बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. "रान तुमचं. पण मला एक सांगा, पाइप कुठून जाणार?"

"माझ्या बांधाखालनं."

"खालनं. दोन हात खोल. वर तुमचं गवत पुन्हा उगवणार. आणि एकदा नळ वर गेला, की या बाया पाणी न्यायला कशाला येतील?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मग बायांकडं. एकेकीकडं. अठरा घरच्या बाया, सकाळ-संध्याकाळ, जानेवारी ते जून.

"म्हंजे वाट बंद?"

"पाण्याची वाट बंद."

"कायमची?"

"नळ आहे तोवर."

तात्यांनी काठी काजूच्या झाडाला टेकवून ठेवली. तीस वर्षं कोर्टानं, पोलीस पाटलानं आणि त्यांच्या शिव्यांनी जे झालं नव्हतं ते एका पाइपानं होणार होतं. आणि तेही सरकारच्या खर्चानं. "कागद कुठं हाय?" ते म्हणाले.

शिपायाच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. बायनाक्काला तेवढं सोसवलं नाही. "तात्या, उद्यापासनं शिव्या कुणाला द्याल?"

"घरात माणसं हाईत की," तात्या म्हणाले.

शुक्रवारी दुपारी अडीचला आम्ही जिल्ह्याच्या कार्यालयात हजर होतो. मी, भाऊसाहेब, बिडकर, तात्या, आणि बायनाक्का. तिला कुणी बोलावलं नव्हतं. साहेबाचा हात कसा लांब होतो ते बघायचंय म्हणाली.

मेढेकरांनी नवं अंदाजपत्रक वाचलं. चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा वाचलं. समितीतले आणखी दोघे शेजारी बसलेले.

"बिडकर, सोमवारी ही लाइन तीन हजार चारशे वीस मीटर होती. आज एक हजार चाळीस. चार दिवसांत डोंगर आकसला का?"

बिडकर उभे राहिले. "सर, नवीन... जवळचा मार्ग निदर्शनास आला."

"आधी का नाही आला?"

बिडकर समोरचे कागद सारखे करायला लागले. भाऊसाहेब जोड्यांकडं बघत बसले. मला कळलं की इथं कागद अडकला तर या एका प्रश्नाला अडकेल. चूक कुणाची याची चौकशी लागली, की तीन वाजून जाणार, मार्च जाणार.

"साहेब, मी सांगू?" मी म्हणाले. तात्या खाकरले नाहीत. "पहिली मोजणी रस्त्यानं झाली होती. रस्ता गाडीचा आहे, तो वळणं घेऊनच जाणार. पाणी काही गाडीत बसून जात नाही. ते आमच्या बायकांच्या डोक्यावरनं सरळ वर जातं. ती वाट नकाशावर नव्हती, म्हणून राहून गेली. आता यांनी स्वतः दोनदा चढून मोजलीय."

शेजारचा एक सभासद हसला. मेढेकर हसले नाहीत. ते बिडकरांकडं बघत होते.

"पहिली मोजणी कोणत्या महिन्यात?"

"जुलै, सर."

"जुलै," मेढेकर म्हणाले. ते थोडे मागं रेलले. "जळवा?"

बिडकरांनी मान खाली घातली. "हो सर."

मग मेढेकर साहेबांनी आपला पायमोजा खाली केला आणि नडगीवरचा एक जुना, काळसर ठिपका समितीला दाखवला. "मी नोकरीला लागलो तेव्हा त्याच पट्ट्यात होतो. सत्त्याहत्तर साल. चार दिवस रक्त थांबत नव्हतं. मीही त्या वर्षी बऱ्याच मोजण्या जीपमधून केल्या." पायमोजा वर घेतला. "ते असो. संमतीपत्र आहे?"

"हाय की," तात्या म्हणाले. "माझंच हाय."

मेढेकरांनी शेवटचं पान उघडलं आणि सही केली. दोन अक्षरं आणि खाली एक लांब रेघ. बायनाक्का मान उंचावून बघत होती.

"झालं?" तिनं मला विचारलं.

"झालं."

"एवढंच?" ती म्हणाली. "ह्याच्यापायी तीन पिढ्या?"

परतीच्या एसटीत तात्या आणि बिडकर पुढं बसून काजूच्या भावावर बोलत होते, जुने सोबती असल्यासारखे. बायनाक्का माझ्या शेजारी. घाट लागला तेव्हा तिनं पिशवीतून शेंगा काढल्या, माझ्या ओटीत ओतल्या, आणि समोर बघत म्हणाली, "पत्रिकेचं कारण सांगितलंसा तवा."

सोलायला घेतलेली शेंग मी पुन्हा ओटीत ठेवली.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. त्याआधी बारा वर्षं, मी अठराची असताना, माझे वडील मला घेऊन माचीवर स्थळ बघायला गेले होते. बायनाक्काचं घर. सदाशिव. मुलगा शांत होता, हसला की बरा दिसायचा. त्यानं मला वाटीत मध आणून दिला होता, आणि चमचा विसरला होता, म्हणून पुन्हा धावत गेला होता. माझ्या मनात होकार होता. पण उतरताना विसाव्याच्या दगडाशी एक माझ्याच वयाची नवी सून दोन हंडे घेऊन उभी होती. तिला टेकवायचे होते, पण टेकवायला हात रिकामा नव्हता. तिची मान थरथरत होती. मी वडिलांना म्हटलं, नको. त्यांनी खालून निरोप धाडला, पत्रिका जुळत नाही.

त्याच साली मला करंजखोलातलं स्थळ आलं. लग्नानंतर रोज सकाळी विहिरीवर बायनाक्का दिसायची. बारा वर्षांत त्यावर एक शब्द नाही. आणि सदाशिवचं लग्न जुळलं नाही ते नाहीच.

"पत्रिका!" बायनाक्का म्हणाली. "आमच्या घरात पत्रिका हुती कुणाची? सदाशिवाची जन्मतारीख मास्तरनं आपल्या मनानं घातलेली."

"आक्का," मी म्हणाले, "मी पाण्याला भिऊन नाही म्हणाले."

"ठावं हाय की मला." तिनं एक शेंग फोडली, दाणे हातावर चोळले, फुंकर मारली आणि अर्धे मला दिले. "मीबी न्हाईच म्हणाली असती. मला इचारलं कुणी?"

मग ती इतक्या जोरात हसली की कंडक्टरनं मागं वळून बघितलं. मीही हसले. हसताना डोळ्यांतून जे येतं ते आलं, आणि मी ते पुसलं नाही.

नळ पुढच्या साली माघात माचीवर पोचला. लाइनीचं खोदाईचं काम बिडकर स्वतः उभे राहून बघत होते, आषाढातसुद्धा, मीठ-तंबाखू चोळून. त्यानंतरच्या दोन वर्षांत माचीत सहा लग्नं लागली. पण पहिलं स्थळ आलं ते सदाशिवला. मुलगी म्हणजे मंदाकिनी, खालच्या खोऱ्यातली, तिशीची, शिवणकाम करणारी. आई-बाप नव्हते, म्हणून मामाबरोबर आली होती. मध्यस्थ मीच होते.

दहाच्या सुमाराला आम्ही माचीवर पोचलो. बायनाक्कानं पोहे केले होते. मंदाकिनी ओसरीवर टेकलीसुद्धा नाही. म्हणाली, "आधी नळ दाखवा."

दाखवला. अंगणातच होता, चकचकीत. तिनं चावी फिरवली. काहीच आलं नाही. फुस्स करून थोडी हवा निघाली.

बायनाक्का पुढं धावली. "अगं, सकाळी सात ते आठ सुटतंय पाणी. आता बंद झालंय, बघ की, पिंपं भरल्यात सगळी!"

मंदाकिनीनं पिंपाचं झाकण उचललं, आत बघितलं. "पिंप भरायला काय, डोक्यावरनंही भरतात," ती म्हणाली. "मला नळाचं बघायचंय." मामा तिला डोळ्यांनी दटावत होता, तिनं तिकडं बघितलंही नाही. मला म्हणाली, "वहिनी, आज तुमच्याकडं राहू का? उद्या सातला परत येते."

मला तिला तिथंच मिठी मारावीशी वाटली. सदाशिव परड्याच्या दाराशी उभा होता, पस्तिशीचा, हातात वाटी घेऊन. त्याला बघायला कुणाला सवडच झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच ती निघाली, मी तिच्या मागं. सगळी माची अंगणात जमली होती, जणू नळाचाच बघण्याचा कार्यक्रम होता. बायनाक्काच्या ओठांवर देवाचं नाव चाललं होतं. सातला पाच कमी. सात. सात वाजून दोन मिनिटं. नळातून आधी खाकरल्यासारखा आवाज आला, मग लालसर पाणी, मग पांढरं, आणि मग अशी धार लागली की मंदाकिनीच्या पायावरची सगळी धूळ वाहून गेली.

तिनं तांब्या भरून घेतला. उभ्या उभ्या पाणी प्यायली, निम्मं. उरलेलं तोंडावर मारलं. पदरानं तोंड पुसून आमच्याकडं वळली.

"हां," ती म्हणाली. "आता मुलगा दाखवा."